पाळीव प्राण्यांचा हिवाळा : स्वेटरपलीकडची जबाबदारी

दिवाळीचे आकाशकंदील उतरू लागतात, त्याच सुमारास शहरांतील पेट शॉपच्या दर्शनी भागात रंगीबेरंगी स्वेटर लटकू लागतात. कुत्र्यांसाठी टोप्या आणि पायमोजे, मांजरांसाठी लोकरी घरकुले, मऊ गाद्या, पांघरुणे असा माल मुंबई-पुण्यापासून नाशिक-नागपूरपर्यंत सर्वत्र दिसतो. ज्या घरांत एका पिढीपूर्वी कुत्र्याला अंगणात जुने गोणपाट टाकून दिले की कर्तव्य संपत असे, त्याच घरांत आज त्याच्या थंडीची चिंता वाहिली जाते. हा बदल स्वागतार्ह आहे. या आस्थेच्या आधारावर पेट शॉप, ग्रूमिंग पार्लर, बोर्डिंग केनेल, कुत्री फिरवून आणणारे, प्राण्यांची वाहतूक करणारे असा एक मोठा व्यवसाय शहरांत उभा राहिला आहे.

मात्र या व्यवसायाचा गजबजलेला काळ आणि थंडीचा काळ एकच आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. दिवाळीच्या सुट्या, नाताळ, ३१ डिसेंबर आणि लग्नसराई या दिवसांत कुटुंबे बाहेरगावी जातात आणि बोर्डिंग केनेल भरून वाहतात. भेट म्हणून पिलू देण्याची हौसही याच दिवसांत फेडली जाते. वर्षभरात सर्वाधिक पाळीव प्राणी ज्या आठवड्यांत घराबाहेर, अनोळखी जागी आणि अनोळखी प्राण्यांच्या शेजारी रात्र काढतात, ते आठवडे बहुधा थंडीचेच असतात. म्हणूनच हिवाळ्यात व्यवसायाची परीक्षा स्वेटरच्या खपावर होत नाही. ती रात्रीच्या व्यवस्थेवर, लसीकरणाच्या तपासणीवर आणि प्रसंगी ग्राहकाला नकार देण्याच्या तयारीवर होते.

आपली थंडी वेगळी

पाळीव प्राण्यांच्या हिवाळी काळजीविषयी जे साहित्य उपलब्ध असते, त्यातील बरेचसे युरोप-अमेरिकेतून आलेले असते. बर्फात चालताना पंजांना होणाऱ्या जखमा, रस्त्यावर टाकलेले मीठ, गोठलेले पाणी यांची चर्चा त्यात असते. महाराष्ट्रातील थंडीचा स्वभाव निराळा आहे. पुण्यात जानेवारी महिन्यात पहाटेचे तापमान सरासरी ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी ते ३० अंशांपर्यंत चढते. एकाच दिवसात १८-२० अंशांचा हा फरक नाशिक, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, विदर्भ अशा सर्वच अंतर्भागात थोड्याफार प्रमाणात आढळतो. कडाक्याच्या लाटाही अपरिचित नाहीत. पुण्याने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान अनुभवले होते, तर नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मुंबई, कोकण आणि गोव्यात थंडी सौम्य असते. मुंबईकर प्राण्यांना हिवाळ्यात खरा त्रास होतो तो धूळ आणि धूर यांनी भरलेल्या, जमिनीलगत साचून राहणाऱ्या हवेचा.

या स्वभावाचे दोन परिणाम होतात. थंडी मुळातच थोडक्या दिवसांची आणि थोडक्या तासांची असल्याने तिच्यासाठी कायमची व्यवस्था करण्याची गरज कोणाला वाटत नाही. घरे, दुकाने आणि केनेल उन्हाळा-पावसाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. शिवाय सकाळी सहा वाजता अंगात घातलेला स्वेटर दुपारी एक वाजता तसाच राहिला, तर तोच त्रासाचे कारण होतो. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची त्याची क्षमता अगदी मर्यादित असते. तो धापा टाकतो तेव्हा मालक त्याला आजारी समजतात, प्रत्यक्षात तो उकडत असतो.

कोणत्या प्राण्याला खरोखर ऊब हवी, याविषयीही बाजारात गोंधळ आहे. सायबेरियन हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. पुण्या-नाशिकची थंडी या निरोगी प्रौढ कुत्र्यांना सुखाचीच वाटते. याउलट लातूर, सोलापूर, धाराशिव या पट्ट्यातील कारवानी कुत्रा शिकारीसाठी घडलेला आहे. आखूड केस, पातळ कातडी आणि अंगावर नावापुरती चरबी असलेले हे जनावर पहाटे कुडकुडते. रस्त्यावरून दत्तक घेतलेले देशी कुत्रे, डॉबरमन, पग, चिवावा, वृद्ध आणि आजारी कुत्री, तसेच लहान पिले यांनाही पांघरुणाची गरज असते. प्रत्यक्षात स्वेटर सर्वाधिक दिसतो तो हौशी मालकाच्या केसाळ कुत्र्याच्या अंगावर! ‘तुमच्या कुत्र्याला याची गरज नाही’ असे सांगणारा विक्रेता एक विक्री गमावतो, हे खरे. परंतु त्या ग्राहकाला पुढची दहा वर्षे खाद्य, औषधे आणि सल्ला लागणार असतो, हा हिशेब दूरदर्शी व्यावसायिकाने मांडला पाहिजे.

शटर खाली आल्यानंतरचे बारा तास

थंडीचा सर्वांत मोठा फटका पिलांना बसतो. नवजात पिलांना पहिले सुमारे दोन आठवडे स्वतःचे शरीर तापते ठेवता येत नाही. अंग थरथरवून ऊब निर्माण करण्याची क्रियाही त्यानंतरच नीट सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्यांच्या भोवतालचे तापमान २९ ते ३२ अंशांच्या दरम्यान हवे. आईच्या कुशीत ते मिळते. ती उठून गेली आणि खाली शहाबादी फरशी असली, तर पिलू काही वेळातच थंड पडते. अशा पिलाला घाईघाईने दूध पाजणे हा सार्वत्रिक आणि घातक उपाय आहे. शरीर गार पडले की आतड्यांचे काम मंदावते, दूध पचत नाही आणि ते श्वासमार्गात जाण्याचा धोकाही वाढतो. आधी हळूहळू ऊब आणि नंतर आहार, हा क्रम पिले वाढवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा.

दुकानात विक्रीसाठी येणारी पिले यापेक्षा मोठी असली, तरी त्यांची अवस्था फारशी सुरक्षित नसते. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. पिलाला सूक्ष्मचिप बसवणे आणि त्याच्या लसीकरणाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. पाठोपाठ २०१८ मध्ये पेट शॉपसाठी स्वतंत्र नियम आले आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी अनिवार्य झाली. तथापि, पाच-सहा आठवड्यांचे पिलू ‘अधिक गोजिरवाणे’ दिसते म्हणून त्याला मागणी असते आणि ही मागणी पुरवणारेही भेटतात.

हिवाळ्यात या घाईची किंमत अधिक असते. पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन प्राणघातक रोगांविरुद्धचे लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. तोपर्यंत आईकडून मिळालेले संरक्षण ओसरत असते आणि लसीचे पुरते आलेले नसते. त्यातच डिस्टेंपरचा विषाणू उष्णतेत लवकर नष्ट होतो आणि थंडीत अधिक काळ टिकतो. आईपासून नुकतेच तुटलेले, प्रवासाने थकलेले पिलू रात्री थंडीत उपाशी राहिले की रोगाला आमंत्रण मिळते.

या संदर्भात दुकानाच्या रात्रीचा विचार करण्याजोगा आहे. रात्री नऊ-दहाच्या सुमारास शटर खाली येते आणि ते सकाळी नऊ-दहाला वर जाते. दिवसा ग्राहकांची वर्दळ, दिवे आणि ऊन असते. रात्री लोखंडी शटर, फरशी आणि पिंजऱ्याची जाळी तिन्ही गार पडतात. पोमेरेनियन, चिवावा, शिह त्झू अशा छोट्या जातींच्या पिलांना बारा तासांचा उपास झेपत नाही. त्यांच्या शरीरात साखरेचा साठा थोडा असतो आणि थंडीत तो लवकर संपतो. सकाळी पिलू मलूल सापडते, तेव्हा ‘कमजोर निघाले’ असे म्हणून विषय संपवला जातो. जिवंत प्राणी विकणाऱ्या दुकानात हिवाळ्याच्या रात्री माणूस हजर असणे, फरशीपासून उंचावर कोरडे लाकडी फळ्यांचे अंथरूण असणे आणि पिंजऱ्याच्या एका भागात ऊब व दुसऱ्या भागात मोकळीक असणे, ही किमान अपेक्षा आहे. एका भागातच ऊब ठेवण्याचे कारण सोपे आहे. गरम झाल्यास प्राण्याला तेथून हलता आले पाहिजे.

मुक्कामाची परीक्षा

बोर्डिंग केनेलची बहुतांश व्यवस्था शहराच्या कडेला, शेतघराच्या किंवा मोकळ्या जागेच्या आवारात असते. जागा मोठी, भाडे कमी आणि भुंकण्याची तक्रार करणारे शेजारी नाहीत, असा तो हिशेब असतो. मात्र शहराच्या मध्यभागापेक्षा उघड्या माळावर पारा हमखास खाली असतो. छपराचा पत्रा दिवसा तापतो आणि रात्री झपाट्याने गार होतो. घरात मालकाच्या पलंगावर झोपणारा कुत्रा अशा ठिकाणी अचानक आठ दिवस राहतो, तेव्हा त्याला मानसिक ताणाबरोबर थंडीही सोसावी लागते.

उपाय खर्चिक आहेत, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. १०० वॉटचा ऊब देणारा दिवा रात्रभर बारा तास जळला, तर १.२ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले, तरी हा खर्च रात्रीला १२ रुपये होतो. बोर्डिंगचा एका दिवसाचा आकार मोठ्या शहरांत काही शे रुपये असतो. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री किंवा जाड पडदा, फरशीवर चार-सहा इंच उंचीची फळी, दररोज बदलले जाणारे कोरडे अंथरूण आणि दिवसभरातील किमान-कमाल तापमान नोंदवणारा साधा तापमापक यांचाही खर्च व्यवसाय मोडण्याइतका नाही. महाग पडतो तो रात्रीचा माणूस. पहाटे चार ते सहा या सर्वाधिक थंड वेळात एक फेरी मारणारा, शेगडी न पेटवणारा आणि दिव्याची तार कुत्र्याच्या तोंडाशी येत नाही ना हे पाहणारा माणूस नेमावा लागतो. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी प्राणी आणि राखणदार या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. राखणदाराला स्वतःला धड पांघरूण नसेल, तर प्राण्यांची काळजी तो कशी घेणार, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

दुसरा मुद्दा संसर्गाचा आहे. केनेल कफ या नावाने ओळखला जाणारा खोकला बोर्डेटेला हा जीवाणू आणि काही विषाणू यांच्यामुळे होतो. दाटीवाटीत, बंद हवेत तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे सहज जातो आणि त्याची लक्षणे दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात. म्हणजे दाखल होताना ठणठणीत असलेला कुत्रा आठवडाभरात साऱ्या केनेलला खोकला देऊ शकतो. वारा अडवण्यासाठी सगळे झरोके बुजवले, तर हाच धोका वाढतो. प्राण्यांच्या उंचीवर वाऱ्याचा झोत नको आणि छताजवळ हवा खेळती हवी, हे बांधणीचे साधे तत्त्व येथे उपयोगी पडते.

लसीकरणाचे प्रमाणपत्र मागणे आता अनेक ठिकाणी रूढ झाले आहे. परंतु ते प्रवेशाच्या दिवशी मागितले जाते, ही त्यातील उणीव आहे. सुटीला निघण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली लस कागदावर नोंदवली जाते, शरीरात मात्र संरक्षण तयार व्हायला अवधी लागतो. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या प्राण्याला काही लशींच्या दोन मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. म्हणून दिवाळीच्या मुक्कामासाठी नोंदणी घेताना, म्हणजे सप्टेंबरमध्येच, केनेलचालकाने ग्राहकाला लसीची तारीख विचारली पाहिजे आणि ती उलटून गेली असल्यास पशुवैद्यकाकडे पाठवले पाहिजे. एका दूरध्वनीचे हे काम आहे आणि ते हिवाळी आरोग्यासाठी कोणत्याही गादीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

तिसरा मुद्दा स्वच्छतेचा. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल, असे समीकरण आहे. पार्व्होसारखा चिवट विषाणू फिनेलला दाद देत नाही, आणि मांजरांच्या यकृताला फिनॉलयुक्त द्रावणे झेपत नाहीत. आधी घाण साबणाने काढून नंतर योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच वापरणे आणि ते धुऊन जागा कोरडी करणे हा खात्रीचा मार्ग आहे. धुण्याची वेळही महत्त्वाची आहे. संध्याकाळी पाण्याने धुतलेली फरशी रात्रभर ओली आणि गार राहते. हेच काम सकाळी केले, तर उन्हाचा फायदा मिळतो.

आंघोळीची वेळ

ग्रूमिंग पार्लरमध्ये हिवाळ्यातही सुटीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत रांग असते. संध्याकाळी सहा वाजता आंघोळ घातलेला दाट केसांचा कुत्रा वरून कोरडा वाटतो. आतला थर ओला असतो. तशाच अवस्थेत तो दुचाकीवरून घरी जातो आणि थंड वाऱ्याने गारठतो. या दिवसांत आंघोळीच्या वेळा सकाळी अकरा ते दुपारी तीन या दरम्यान ठेवणे, कोमट पाणी वापरणे आणि केस मुळापर्यंत वाळल्याशिवाय प्राणी ताब्यात न देणे, हे नियम पार्लरने भिंतीवर लावावेत. त्यामुळे दिवसाला दोन-तीन ग्राहक कमी होतील. ते नुकसान आठवड्याच्या मधल्या दिवसांत सवलत देऊन भरून काढता येते.

केस वाळवण्याच्या घाईत दुसऱ्या टोकाची चूकही होते. बंद पेटीत गरम हवा सोडून प्राण्याला एकटे ठेवणे धोक्याचे आहे. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर यांसारख्या चपट्या नाकाच्या प्राण्यांना धापा टाकून उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते आणि उष्माघाताने मृत्यू ओढवू शकतो, तोही भर हिवाळ्यात. केस काढण्याविषयीही ग्राहकाला सल्ला हवा असतो. दुहेरी थराचे केस मुळापासून भादरले, तर प्राण्याचे नैसर्गिक पांघरूणच जाते. याउलट गुंता झालेले केस तसेच ठेवले, तर त्यात ओल धरते आणि ऊब राहत नाही. नियमित विंचरणे ही यातील खरी सेवा आहे. आजारी प्राणी किंवा लसीकरण अपुरे असलेले पिलू आंघोळीसाठी आले, तर त्याला परत पाठवण्याची हिंमत पार्लरचालकाने दाखवली पाहिजे.

दुकानातील सल्ला

छोट्या गावांत आणि उपनगरांत पेट शॉपचा मालक हाच अनेकांचा पहिला सल्लागार असतो. पशुवैद्यकाकडे जाण्यापूर्वी त्याला विचारले जाते. म्हणूनच त्याने काय सांगू नये, हे काय सांगावे याइतकेच महत्त्वाचे ठरते. सर्दी-तापासाठी घरातील पॅरासिटामॉल मांजराला देणे म्हणजे विष देणे होय. ते पचवणारी यंत्रणा मांजराच्या शरीरात पुरेशी नसते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते. कुत्र्याच्या दुखऱ्या सांध्यांसाठी माणसांचे आयब्युप्रोफेन दिले, तर जठरात व्रण होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. थंडीत वृद्ध कुत्र्यांची सांधेदुखी बळावते हे खरे आहे. पण वेदनाशामक कोणते आणि किती, हे पशुवैद्यकानेच ठरवायला हवे. दुकानदाराने मऊ, जाड अंथरूण, न घसरणारी चटई आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा आहार सुचवावा आणि तेथेच थांबावे.

आहाराच्या बाबतीतही मराठी घरांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. हिवाळा म्हणजे डिंकाचे आणि मेथीचे लाडू. त्यांत घातलेले बेदाणे आणि मनुका कुत्र्यांना अपायकारक असतात. जानेवारीनंतर नाशिक-सांगलीची द्राक्षे घरोघरी येतात, त्यांचाही तोच दोष आहे. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि त्यातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडच्या वर्षांत पशुवैद्यक मानू लागले आहेत. ‘एवढ्याशाने काय होते’ या समजुतीला येथे स्थान नाही, कारण किती प्रमाणात धोका आहे हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते. तसेच, घरात राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत अधिक खाद्य लागते हा समज विक्रीला सोयीचा असला, तरी बहुतेकांच्या बाबतीत खरा नाही. फिरणे कमी आणि खाणे जास्त झाले की हिवाळ्याअखेर फक्त वजन वाढलेले दिसते.

गोचिडांचे औषध हिवाळ्यात बंद करणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड घराच्या आणि केनेलच्या फटींत राहतो. आपल्या सौम्य हिवाळ्यात तो नाहीसा होत नाही, आणि त्याच्यामार्फत पसरणारा एर्लिकियासारखा रक्तरोगही थांबत नाही. औषधाची पुढची तारीख ग्राहकाला कळवणारी वही दुकानात असली, तर प्राण्याचे आरोग्य आणि दुकानाचा धंदा या दोहोंचे हित साधते.

कुत्री फिरवून आणणाऱ्यांनाही हिवाळ्यात वेळापत्रक बदलावे लागेल. नोकरदार मालकांच्या सोयीने पहाटे साडेपाचची फेरी ठरलेली असते. मुंबई-पुण्यात धूर आणि धुके त्या वेळी खालच्या थरात दाटलेले असते आणि कुत्र्याचे नाक जमिनीलगत असते. वृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी तरी सूर्य वर आल्यानंतरची फेरी द्यायला हवी.

मांजर, मासे आणि पक्षी

चर्चा बहुधा कुत्र्यांपाशी संपते. मांजरे हिवाळ्यात पाणी कमी पितात. बोक्यांमध्ये लघवी अडण्याचा विकार अशा वेळी उद्भवला, तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. ओला आहार, कोमट पाणी आणि मुक्कामाच्या काळात प्रत्येक मांजराने लघवी केल्याची नोंद या साध्या गोष्टी केनेलचालकाच्या हातात आहेत. पर्शियन मांजरांत गजकर्ण सहज पसरतो आणि तो माणसांनाही होतो. त्यामुळे एका मांजराची गादी दुसऱ्याला देण्याचा मोह टाळावा.

शोभेच्या माशांचे मोल कमी म्हणून त्यांचा मृत्यूही कमी मोलाचा मानला जातो. गोल्डफिश थंड पाण्यात निभावतो. एंजल, बेटा आणि विशेषतः डिस्कस यांना सुमारे २५ अंश व त्याहून उबदार पाणी लागते. तापमान पडले की अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग बळावतो. लिटरमागे साधारण एक वॉट क्षमतेचा हीटर आणि तापमापक, हे टाकीबरोबरच विकले पाहिजेत. पाणी बदलताना नळाचे गार पाणी थेट ओतू नये, ही सूचनाही त्याचबरोबर दिली पाहिजे.

बजरीगर आणि कॉकटील यांसारख्या पक्ष्यांचे पिंजरे रात्री तीन बाजूंनी झाकावेत. घरात मात्र एक अदृश्य धोका असतो. न चिकटणाऱ्या भांड्यांवरील टेफ्लॉनचा किंवा तसाच मुलामा असलेल्या काही हीटरचा थर फार तापला, तर त्यातून निघणारा वायू बंद खोलीत पक्ष्यांचे प्राण काही मिनिटांत घेतो. पक्षी विकणाऱ्याने हे सांगितले नाही, तर ग्राहकाला ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. देशी पोपट विकणे आणि पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही याच काउंटरवर सांगितले गेले पाहिजे.

नियमांची पोकळी

हे सर्व कोणी करायचे, असा प्रश्न शेवटी उरतो. २०१७ आणि २०१८ च्या नियमांचा भर प्रजनन आणि विक्री यांवर आहे. प्राणी काही दिवसांसाठी ठेवून घेणारे किंवा त्यांना आंघोळ घालणारे व्यावसायिक त्यांच्या कक्षेत नीट येत नाहीत. मूळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी लिहिलेला दंड १० ते ५० रुपयांचा होता. साठ वर्षांपूर्वीही जो फार मोठा नव्हता, त्या दंडाच्या धाकाने रात्रीचा राखणदार नेमला जाईल, अशी आशा कोणी करणार नाही. २०२२ मध्ये केंद्राने या कायद्यातील दुरुस्त्यांचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला, त्यामागे हीच जाणीव होती.

कायद्याची वाट न पाहताही बरेच करता येण्याजोगे आहे. शहरांतील केनेल आणि पार्लरचालकांनी एकत्र येऊन हिवाळ्यासाठी किमान मानके ठरवली आणि ती दर्शनी भागात लावली, तर ग्राहकाला तुलना करता येईल. रात्री हजर असणाऱ्या माणसाचे नाव, मागील आठवड्यातील किमान तापमानाची नोंद, लसीकरणाची अट, खोकला झालेल्या प्राण्यासाठी वेगळी जागा आणि तातडीच्या वेळी येणाऱ्या पशुवैद्यकाचा क्रमांक एवढी माहिती पुरेशी आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. नागपूर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि नागपुरातील पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून कार्यरत आहे. या संस्थांनी केनेल आणि पार्लरमधील कामगारांसाठी दरवर्षी सप्टेंबरमध्ये चार दिवसांचे वर्ग घेतले, तर थंडीपूर्वी प्रशिक्षित हात तयार होतील. प्राण्यांच्या दवाखान्यांवर होणारा खर्च वाढतो आहे; मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे प्राणी रुग्णालयही सुरू झाले. तथापि, तेथे पोहोचण्याची वेळच येऊ नये, ही पहिली जबाबदारी प्राणी हाताळणाऱ्यांची आहे.

ग्राहकाचीही जबाबदारी कमी नाही. सर्वांत स्वस्त बोर्डिंग शोधायचे आणि मग राखणदार नाही म्हणून तक्रार करायची, हे न्याय्य नव्हे. प्राणी सोडण्यापूर्वी एकदा संध्याकाळनंतर ती जागा पाहून यावी, अंथरुणाला हात लावून ते कोरडे आहे का हे तपासावे आणि घरातील एखादी जुनी चादर बरोबर द्यावी. ओळखीचा वास अनोळखी जागी प्राण्याला धीर देतो.

पाळीव प्राण्याला आपली थंडी सांगता येत नाही. तो अंग आखडतो, कोपरा धरतो, खाणे सोडतो. ते ओळखणारा माणूस जवळ असणे, हीच त्याची हिवाळी निगा. व्यवसाय मोठा होत असताना असा माणूस पगारावर ठेवायचा की त्याच्याऐवजी आणखी एक स्वेटर विकायचा, याचा निर्णय प्रत्येक व्यावसायिकाला दिवाळीपूर्वीच घ्यावा लागेल. थंडी पडल्यावर तो घेतला, तर काही पिलांपुरता तरी तो उशिराचा ठरेल.